फादरांचा सोमवार: आमच्या पॅरिशनं आभार मानायची पद्धत बदलली त्याचं प्रकरण

हे सगळं सविस्तर लिहून ठेवतेय कारण दरवर्षी जुलै उजाडला की कुठल्या ना कुठल्या पॅरिशच्या (म्हणजे एका चर्चखालच्या वस्तीच्या) कौन्सिलमध्ये तोच विषय निघतो, ४ ऑगस्टला, फादरांच्या दिवशी, त्यांच्यासाठी काय करायचं. आम्ही एक वर्ष चुकलो, दुसऱ्या वर्षी थोडं सुधारलो, त्यातही परत चुकलो. मी संडे स्कूलला शिकवते आणि तीन वर्षांपासून कौन्सिलची सेक्रेटरी आहे, त्यामुळे मीटिंगच्या वह्या माझ्याकडेच असतात. नावं कुणाचीच लिहीत नाही, त्याची गरजही नाही.

आमची पॅरिश नाशिकरोडच्या बाजूची. निम्मी माणसं नगरकडची, म्हणजे राहुरी, संगमनेर, श्रीरामपूर भागातून आजोबा-पणजोबांच्या काळात आलेली, ज्यांच्या घरात सप्टेंबर आला की हरेगावच्या मतमाउलीच्या, म्हणजे मारियामातेच्या, यात्रेचंच बोलणं असतं. बाकी प्रेसमधले, देवळाली कॅम्पातले, ओझरच्या एचएएलमधले, त्यात गोव्याचे, मंगलोरचे, केरळचे, तमिळ, आणि हॉस्पिटलांमधल्या नर्स मुली. फादर तीन. मोठे फादर म्हणजे प्रमुख धर्मगुरू, पन्नाशी पार. छोटे फादर, दीक्षा होऊन चारच वर्षं झालेली. आणि वरच्या मजल्यावर राहणारे आजोबा फादर, ऐंशी ओलांडलेले, रिटायर. (आमच्यात पंचाहत्तरी झाली की प्रमुख धर्मगुरूनं बिशपकडे राजीनामा द्यायचा असा नियम आहे, मग मंजूर कधी करायचा ते बिशप ठरवतात.)

२०२४ ला काय झालं

४ ऑगस्ट संत जॉन व्हियानीचा सण, पॅरिशमधल्या धर्मगुरूंचा आश्रयदाता संत, म्हणून आपल्याकडे तोच दिवस फादरांचा. २०२४ ला तो रविवारीच आला त्यामुळे सगळ्यांना उत्साह. घरटी दोनशे रुपये ठरले, बॅनर छापला, शाल, श्रीफळ, केक, मुलांचे डान्स, भाषणं, बिर्याणी. मोठ्या फादरांनी सकाळपासून तीन मिस्सा (चर्चमधल्या मुख्य उपासना) केलेल्या, दुपारी एक स्नानसंस्कार, म्हणजे बाप्तिस्मा, आणि संध्याकाळी साडेसहापासून त्यांना स्टेजवरच्या मोठ्या लाल खुर्चीत दोन तास बसवलं. मी समोरच होते, माणूस हसतोय पण डोळे मिटतायत हे दिसत होतं. बॅनरवर फोटो फक्त त्यांचा. छोटे फादर सगळा वेळ साऊंडवाल्याजवळ वायर धरून उभे. आणि आजोबा फादरांना गुडघ्यांमुळे जिना उतरवत नाही, ते वर खोलीतच होते, हॉलमधली गाणी खिडकीतून ऐकत. त्यांचं ताट वर गेलं तेव्हा दहा वाजून गेले होते, तेही किचनमधल्या मावशींच्या लक्षात आलं म्हणून. आम्हा कौन्सिलवाल्या एकालाही आठवलं नव्हतं. हे मला आजही लागतं.

पाकिटाचं तर वेगळंच. शेवटी फादरांना पाकीट दिलं, टाळ्या झाल्या, आणि पुढच्या महिन्याच्या हिशोबात ती पूर्ण रक्कम पॅरिशच्या जमेत दिसली. लोक कुजबुजले, आपण फादरांना दिलं होतं ना. आमचे खजिनदार काका, बँकेतून रिटायर झालेले, त्यांनी मग १९८३ च्या चर्च कायद्यातलं १२६७ वं कलम वाचून दाखवलं. चर्चचा कारभार बघणाऱ्या माणसाला दिलेलं दान हे, उलट काही सिद्ध होत नसेल तर, त्या संस्थेलाच दिलंय असं धरायचं. आम्ही पाकिटावर काही लिहिलंच नव्हतं, फादरांनी सरळ पॅरिशला जमा केलं. रविवारी तीन मिस्सा केल्या तरी मिस्सेसाठी आलेलं दान एकाच मिस्सेचं स्वतःकडे ठेवता येतं, बाकीचं धर्मप्रांत सांगेल त्या कामाला जातं, ख्रिसमसचा दिवस तेवढा वगळून, हेही त्या दिवशी बऱ्याच जणांना पहिल्यांदा कळलं. धर्मप्रांतातले फादर जेझुइटांसारख्या संघांतल्या फादरांसारखं दारिद्र्याचं व्रत घेत नाहीत हे खरं, पण म्हणून त्यांच्याकडे पैसा खेळतो असं अजिबात नाही.

आणि सगळ्यात वाईट जे झालं ते मला चार महिन्यांनी कळलं. आमच्या झोनमध्ये (पॅरिशमधल्या घरांचे असे गट असतात) एक बाई आहेत, नवरा गेलेला, चार घरची धुणीभांडी करतात. दोनशे रुपये द्यायला नव्हते म्हणून त्या रविवारी त्या मिस्सेलाच आल्या नाहीत. फादरांचे आभार मानायच्या दिवशी एक बाई लाजेनं देवळाबाहेर राहिली आणि आम्ही आत केक कापत होतो.

ईस्टरनंतरचा सोमवार

२० एप्रिल २०२५ ला ईस्टर झाला. पवित्र आठवडा म्हणजे फादरांची काय अवस्था होते ते जवळून बघितल्याशिवाय कळत नाही, झावळ्यांच्या रविवारपासून पापनिवेदनाच्या रांगा, गुरुवारी बिशपांबरोबर तेलांची मिस्सा, रात्री आराधना, शुक्रवारी क्रुसाची वाट, शनिवारी मध्यरात्रीपर्यंत जागरण, रविवारी परत सकाळपासून. त्यानंतरचा सोमवार हा सगळ्या फादरांचा झोपायचा दिवस. मी दुपारी दोनच्या सुमाराला पवित्र आठवड्याच्या कलेक्शनचे कागद द्यायला फादरांच्या बंगल्यावर गेले. मावशी सुट्टीवर. मोठे फादर जेवणाच्या टेबलाशी एकटे, पुढ्यात आदल्या रात्रीचा भात, फ्रिजमधून काढलेला, वर दही ओतलेलं, एक पाय स्टुलावर, घोटा सुजलेला. एका हातात चमचा, दुसऱ्या हातात फोन. पोप फ्रान्सिस गेल्याची बातमी तेव्हाच आली होती. फोन वाजतच होता, संध्याकाळी मिस्सा आहे का फादर, कितीला आहे फादर, बॅनर लावायचा का फादर. चमचा ताटात तसाच. मी म्हटलं फादर आधी जेवून घ्या. ते म्हणाले, "हो बाई, जेवतोच आहे." आणि परत फोन उचलला.

मी घरी आले आणि नवऱ्याला म्हटलं, यंदा शाल नको, दुसरं काहीतरी.

आधी विचारपूस

फादरांना विचारून काही हाती लागत नाही, हा पहिला धडा. "काही नको, प्रार्थना करा", तिन्ही फादर हेच बोलले. म्हणून मी ज्यांना माहीत असतं त्यांना विचारलं: किचनमधल्या मावशी, वॉचमन, कॉन्व्हेंटच्या सिस्टर, सॅक्रिस्टीत, म्हणजे वेदीशेजारच्या तयारीच्या खोलीत, फुलं लावणाऱ्या आजी. मे-जूनमध्ये वहीत लिहीत गेले.

मावशी रविवारी दुपारनंतर घरी जातात ते मंगळवारी सकाळी येतात. म्हणजे रविवार रात्र आणि पूर्ण सोमवार बंगल्यात चूल नाही, दर आठवड्याला. मोठ्या फादरांना शुगर आहे हे पॅरिशमध्ये चार माणसांना ठाऊक. सोमवार त्यांच्या सुट्टीचा, पण ऑफिसचा फोन त्यांच्याच मोबाईलवर वळवलेला, आणि सोमवारी येणारे फोन म्हणजे स्नानसंस्काराचा दाखला, हॉल बुकिंग, मिस्सेत प्रार्थनेसाठी नाव टाकायचंय, असले. रात्रीचे आजाऱ्याचे फोन वेगळे. तेव्हा फादर स्कूटरवर जातात, पावसात पण. वॉचमन म्हणाला आदल्या जुलैत एकदा रात्री पावणेदोनला मोठे फादर सिव्हिल हॉस्पिटलला गेले, रेनकोटच्या आत शर्टाच्या खिशात आजाऱ्याला लावायच्या पवित्र तेलाची छोटी डबी, आले चारला, आणि सहाला मिस्सा. तो त्यांना म्हणाला होता फादर रिक्षा बोलावतो, पण त्या पावसात रिक्षा मिळेना.

आणि सुट्टी. चर्चचा कायदा सांगतो की प्रमुख धर्मगुरूला वर्षातून एक महिना सुट्टी घेता येते, एकदम नाहीतर तुकड्यांत. हे मीटिंगमध्ये वाचलं तेव्हा एक काका खरंच म्हणाले, "फादरांना सुट्टी असते?" आमच्या फादरांनी दोन वर्षांत एकही घेतलेली नव्हती. आई गावी, वय झालेलं.

मीटिंग

जूनच्या शेवटी कौन्सिल बसलं. त्या वर्षी ४ ऑगस्ट सोमवारी येत होता, त्यातून श्रावणी सोमवार, आणि बहुतेकांचं म्हणणं होतं की संध्याकाळी सहाला मिस्सा आणि मग कार्यक्रम. मी म्हटलं, अहो आठवड्यातली एकच सुट्टी आहे माणसाची, आणि आपण त्यांच्या कौतुकासाठी तीच घेणार? थोडी शांतता झाली.

तेव्हा मी व्हियानीचीच गोष्ट सांगितली, कारण सण त्याचा. १८१८ ला तो आर्स नावाच्या फ्रान्समधल्या बारीकशा गावात आला, वस्ती जेमतेम दोन-अडीचशे. पुढे लांबलांबून इतकी माणसं पापनिवेदनाला येऊ लागली की तो दिवसाचे सोळा-सोळा तास त्या खुर्चीत बसायचा. आपण भाषणात इथपर्यंतच सांगतो. त्याच्या पुढचं सांगत नाही, की तो माणूस थकून गाव सोडून जायला निघाला होता, एकदा नाही, अनेकदा. १८४३ ला मोठ्या आजारपणानंतर तर तो जन्मगावी पोचलाही होता, आणि १८५३ ला निघाला तेव्हा गावकऱ्यांनी वाट अडवून त्याला परत आणलं. १८५९ ला ४ ऑगस्टलाच तो गेला, तिथेच. गावकऱ्यांचं प्रेम खरं होतं यात शंकाच नाही. पण मला दरवेळी वाटतं की त्यांनी वाट अडवली, त्याच्याऐवजी कुणी त्याला महिनाभर झोपू दिलं असतं तर.

विरोधही झाला, आणि तो लिहायला पाहिजे कारण त्यात तथ्य होतं. एक ज्येष्ठ काका, मूळ राहुरीकडचे, म्हणाले शाल-श्रीफळ ही आपल्या मातीतली रीत आहे, आपण चर्चमध्ये आलो म्हणून ती टाकली नाही, ती तुम्ही मोडू नका. माणसाला चारचौघांत उभं करून मान देणं याला किंमत आहे, डबा गुपचूप देता येतो पण मान गुपचूप देता येत नाही. मला ते पटलं. म्हणून ठरलं की शाल द्यायची, रविवारी ३ तारखेला मुख्य मिस्सेच्या शेवटी, पाच मिनिटांत, तिघांनाही. वर्गणी नाही. ज्याला द्यायचंय त्यानं पेटीत टाकावं, चिठ्ठीवर "फादरांसाठी, वैयक्तिक" असं लिहून, म्हणजे खजिनदार काकांचं कलम आड येणार नाही.

केलं काय

आजोबा फादरांना चार तरुणांनी खुर्चीसकट जिन्यावरून खाली आणलं. पहिली शाल त्यांना. ते बोलले काही नाहीत, शालीचा काठ बोटांत धरून बसले होते.

संडे स्कूलच्या मुलांनी पत्रं लिहिली. मी मुलांना एकच सांगितलं होतं, "तुम्ही खूप चांगले आहात" असं लिहायचं नाही, फादरांनी केलेली एक गोष्ट लिहायची जी तुम्ही स्वतः बघितली. चौथीतल्या एका पोरानं लिहिलं ते जसंच्या तसं देते: "फादर तुम्ही रात्री माझ्या आजीला तेल लावायला आले तेव्हा तुमचे बूट ओले होते. आई म्हणाली राहू दे. मी पेपर कोंबून ठेवला पण तुम्ही लगेच गेले." ते पत्र मोठ्या फादरांच्या प्रार्थनेच्या पुस्तकात घडी घालून ठेवलंय, मी परवाच पाहिलं.

४ तारखेचा सोमवार पूर्ण मोकळा ठेवला. ऑफिसचा फोन कौन्सिलमधल्या दोघांकडे. आम्ही आधीच एक कागद केला होता की कुठला फोन फादरांशिवाय होतो आणि कुठला नाही. दाखला, हॉल, मिस्सेतलं नाव, शाळेचं पत्र, हे आम्ही लिहून घेतो आणि मंगळवारी देतो. माणूस अत्यवस्थ असेल, तेल द्यायचं असेल, मयत असेल, तर मिनिटभरही न थांबता छोट्या फादरांना. दिवसभरात आलेल्या फोनपैकी फादरांचीच गरज असलेला एकही नव्हता. मोठे फादर त्या दिवशी उशिरा उठले, आणि एका मित्र धर्मगुरूबरोबर सिन्नरला गोंदेश्वराचं देऊळ बघायला गेले, त्र्यंबककडे श्रावणी सोमवारची गर्दी म्हणून उलट्या दिशेला. येताना भजी खाल्ली म्हणाले. शुगर असताना भजी, पण मी काही बोलले नाही.

रात्रीच्या फोनसाठी गाडीवाल्या सात जणांची यादी केली, आठवड्याचा एकेक वार. फादरांनी एक मिस्ड कॉल द्यायचा. आणि नोव्हेंबरात, २ तारखेचा मृतांचा दिवस झाल्यावर, मोठ्या फादरांनी बारा दिवस आईकडे जावं यासाठी कौन्सिलनं बिशप हाऊसला रीतसर पत्र दिलं, की बदली धर्मगुरू मिळावा. हे सोपं नसतं. नाशिक धर्मप्रांत १९८७ ला पुण्यापासून वेगळा झाला, पण पसारा केवढा, नाशिक, नगर म्हणजे आताचं अहिल्यानगर, धुळे, जळगाव, नंदुरबार. तरी एका संघाच्या घरातून एक फादर मिळाले.

जिथे आम्ही चुकलो

रविवार रात्रीचा आणि सोमवारचा डबा झोनवार लावला, आणि पहिल्या महिन्यात त्याची लग्नाची पंगतच झाली. एका झोननं मटण दिलं म्हणून दुसऱ्यानं मटण आणि सोरपोतेल (गोव्याकडचा डुकराच्या मटणाचा तिखट पदार्थ), तिसऱ्यानं वर केक. मोठ्यांना शुगर, आजोबांना दात नाहीत, सोमवारचं निम्मं मंगळवारी मावशींनी टाकलं. शेवटी मावशींनीच यादी करून फ्रिजवर चिकटवली: ज्वारीची भाकरी, मेथी किंवा शेपू, मुगाची खिचडी, मासे चालतील पण तिखट कमी, गोड नाही. ही यादी जूनमध्येच मागायला हवी होती.

दुसरी चूक माझी. मला वाटलं होतं फादरांना माणसांपासून थोडी सुटका हवी, म्हणून मी नियम केला की डबा द्यायचा आणि निघायचं, बसायचं नाही, कारण पहिल्या दोन आठवड्यांत लोक डब्याबरोबर कॉयरच्या तक्रारी पण घेऊन आले होते. तक्रारी थांबल्या. पण सप्टेंबरात छोटे फादर मला व्हरांड्यात गाठून म्हणाले, "बाई, डबा खूप छान येतो. पण कुणी बसत का नाही?" मोठे फादर रविवारी रात्री नऊला झोपतात, आजोबा वर, आणि हा तिशीतला मुलगा त्या मोठ्या टेबलावर एकटा जेवतो. घरी पाच भावंडं, सहा वाजले की अंगणात गलका, आणि इथं फक्त पंख्याचा आवाज. मी तोपर्यंत तिघांना एकच माप लावत होते. आता महिन्यातून दोन रविवारी ते कुठल्या तरी घरी जेवायला जातात, मुलांबरोबर कॅरम खेळतात, आणि त्या घरानं पॅरिशचा विषय काढायचा नाही असं सांगितलेलं असतं.

आजोबा फादरांचं तर सगळ्यांत उशिरा कळलं. ना आराम हवा होता ना सोबत, त्यांना काम हवं होतं. वर खोलीत रोज एकटेच मिस्सा करायचे, स्टुलावर वेदी मांडून. कॉन्व्हेंटच्या सिस्टर म्हणाल्या, "ते दर शनिवारी विचारतात, खाली पापनिवेदनाला किती जण होते." आम्ही आदरानं त्यांना कशालाच बोलवत नव्हतो आणि ते वाट बघत होते. मोठ्या फादरांशी बोलून बुधवारची नोव्हेनाची (दर आठवड्याच्या खास प्रार्थनेची) संध्याकाळची मिस्सा त्यांना दिली, खुर्चीत बसून. आधी अर्धा तास ते पापनिवेदनाला बसतात. ऐकायला थोडं कमी येतं, म्हणून बाकीच्यांनी लांब बसायचं असं सांगावं लागलं. प्रवचन चार मिनिटांचं. बुधवारी आता मागचे बाक पण भरतात.

आत्ता काय स्थिती आहे

गाडीची यादी आतापर्यंत पाच वेळा वापरली गेली, त्यातली एकदा पहाटे तीनला, आणि त्या मुलानं फादरांची वाट बघत गाडीत जपमाळ केली असं त्याची आई सांगत होती. नोव्हेंबरची सुट्टी झाली, बारापैकी दहा दिवस, कारण मधे एक मयत झाली आणि फादर स्वतःहून आले, कुणी बोलावलं नव्हतं. दोन झोनची डब्याची नावं अजून रिकामी आहेत. वैयक्तिक पेटीत आलेल्या पैशांतून मोठ्या फादरांनी आईसाठी चष्मा केला, हे त्यांनी आपणहून सांगितलं.

आणि त्या बाई, ज्या २०२४ ला आल्या नव्हत्या. डब्याच्या यादीत त्यांचं नाव त्यांनीच येऊन लिहिलं, मला विचारलं फक्त, पिठलं चालेल का. रविवारी सातला स्टीलच्या डब्यात पिठलं आणि वर फडक्यात बांधलेल्या चार भाकऱ्या घेऊन आल्या. मी त्या दिवशी बंगल्यावरच होते. त्यांनी डबा टेबलावर न ठेवता आधी एक ताट घेतलं, भाकरी बारीक कुस्करली, त्यावर गरम पिठलं घातलं, मऊ होईपर्यंत चमच्यानं दाबलं, आणि जिन्याकडे बघत मला म्हणाल्या, "वरच्या फादरांचं आधी नेते."